स्वभाव घडतो कसा? व्यक्तिमत्त्वाच्या सिद्धान्तांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात मानसशास्त्र शिकवताना आणि पालकांशी बोलताना तेच ते प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतात. टी.वाय.ची मुलं परीक्षेसाठी विचारतात, सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं मुलाखतीच्या धास्तीने विचारतात आणि आई-वडील लेकराच्या काळजीपोटी. उत्तरं सगळ्यांना एका जागी मिळावीत म्हणून ही प्रश्नोत्तरं.

व्यक्तिमत्त्व म्हणजे नेमकं काय? मे महिन्याच्या शिबिरात शिकवतात तेच का?

नाही. शिबिरात बहुधा उभं कसं राहावं, हस्तांदोलन कसं करावं, चारचौघांत इंग्रजी कसं बोलावं हे शिकवतात. ती कौशल्यं आहेत आणि उपयोगाचीही आहेत. मानसशास्त्र ज्याला व्यक्तिमत्त्व म्हणतं ती माणसाची विचार करण्याची, भावना अनुभवण्याची आणि वागण्याची धाटणी. ती बरीच वर्षं टिकते आणि त्याला इतरांपासून वेगळं काढते. बुजरा माणूस उत्तम भाषण करायला शिकतो आणि तरीही बुजराच राहतो, असं कितीदा तरी दिसतं.

सिद्धान्त इतके कशाला? त्यातला बरोबर कोणता?

'स्वभाव कसा घडतो' या एका प्रश्नाच्या पोटात निदान चार प्रश्न आहेत. माणसं एकमेकांपासून कशात वेगळी असतात? हा वेगळेपणा कुठून येतो? समोर बसलेला हाच माणूस असा का झाला? आणि त्याला बदलायचं असेल तर काय करावं? गुणविशेषांचा, म्हणजे स्वभावातले टिकाऊ गुण मोजणारा, सिद्धान्त पहिल्या प्रश्नाला भिडतो, आनुवंशिकतेचे अभ्यासक दुसऱ्याला. फ्रॉइड आणि एरिक्सन तिसऱ्याच्या मागे लागले. स्किनर, बंडुरा, रॉजर्स या मानसशास्त्रज्ञांना सगळ्यांत जास्त ओढ चौथ्याची. पाठ्यपुस्तकात ही प्रकरणं एकापाठोपाठ येतात, म्हणून सगळे एकाच मुद्द्यावर वाद घालताहेत असा समज होतो.

काही ठिकाणी मात्र ते खरोखरच एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. तिथे पुरावा कुणाच्या बाजूने आहे हे सांगायलाच हवं. 'सगळेच आपापल्या जागी बरोबर' असं लिहून मोकळं होणं मला पटत नाही.

एकाच उदाहरणावरून फरक दाखवता येईल का?

येईल. परीक्षेत तुलना लिहायची हीच सर्वांत चांगली रीत.

समजा, आठवीतली एक मुलगी आहे. घरी तिची बडबड थांबत नाही. पण गणेशोत्सवात सोसायटीच्या मंडपात वक्तृत्व स्पर्धेला नाव पुकारलं की घशाला कोरड पडते, पाठ केलेलं सगळं पुसलं जातं.

फ्रॉइड तिच्या मनातल्या झगड्याकडे पाहील. चारचौघांनी आपल्याकडे पाहावं ही इच्छा आणि 'मिरवू नकोस' असं आतून दटावणारा पराहम् यांच्यामध्ये तिचा अहम्, म्हणजे दोघांत तडजोड घडवू पाहणारा मनाचा भाग, सापडला आहे, असं तो म्हणेल. ॲडलर विचारेल की ती स्वतःला कुणापेक्षा कमी समजते आणि गप्प राहण्याने तिचं कोणतं अपयश टळतं. स्किनर आतल्या गोष्टी बाजूला ठेवील. मागे कधी ती अडखळली, मुलं हसली, पुढच्या वेळी तिने नाव मागे घेतलं आणि हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्यानेच टाळाटाळ पक्की झाली. बंडुरा दोन गोष्टी तपासेल: तिने आपल्यासारख्या कुणाला मंचावर सहज बोलताना पाहिलंय का, आणि 'मला हे जमेल' असा विश्वास तिला आहे का. रॉजर्सला तिच्या घरची शाबासकी ऐकायची असेल. ती बक्षीस आणल्यावरच मिळते की एरवीही? आयझेंक म्हणेल की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त उत्तेजित असतो, त्यामुळे लाउडस्पीकर आणि गर्दी त्याला लवकर जड होते. मिशेलला तर तिच्या वागण्यातली विसंगतीच महत्त्वाची वाटेल. ओळखीच्यांत मोकळी, परीक्षकांसमोर मूक, हा नेमका सांधा म्हणजेच तिचं व्यक्तिमत्त्व.

माझ्यावर वेळ आली तर मी सुरुवात स्किनर आणि बंडुरापासून करीन. आधी घरच्यांसमोर, मग दोन मैत्रिणींसमोर, मग रिकाम्या मंडपात. भीती वाटणाऱ्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरं नेलं की भीती ओसरते, याचा पुरावा भक्कम आहे. रॉजर्सचा प्रश्न मात्र मी तिच्या आई-वडिलांना पहिल्याच दिवशी विचारीन.

फ्रॉइड कालबाह्य झाला ना? मग अजून का शिकवतात?

बराचसा झाला. सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) व्हिएन्नातला मज्जाविकारतज्ज्ञ. त्याचा सिद्धान्त मुख्यतः प्रौढ रुग्णांच्या आठवणींवर उभा आहे, मुलांचा प्रत्यक्ष अभ्यास त्याने जवळजवळ केलाच नाही. तरी व्यक्तिमत्त्वाचा पाया पहिल्या पाच-सहा वर्षांत कायमचा पडतो असं त्याने ठामपणे मांडलं. बालपणाच्या अमुक अवस्थेत अडकलं की तमुक स्वभाव, या भागाला पुढच्या संशोधनाने आधार दिला नाही. शिवाय एखादी गोष्ट आणि तिच्या नेमकी उलट गोष्ट, दोन्ही एकाच सिद्धान्ताने समजावता येत असतील तर तो चुकीचा ठरवायचा कसा? हा आक्षेप जुना आहे आणि अजूनही तितकाच जड आहे.

उरलं तेही थोडं नाही. मनाचा बराच कारभार आपल्या नकळत चालतो. नकोशा सत्यापासून वाचायला आपण सबबी शोधतो, आपला राग दुसऱ्याच्या माथी मारतो. सुरुवातीची नाती पुढच्या नात्यांत डोकावतात. हे मुद्दे वेगळ्या भाषेत आजच्या मानसशास्त्रातही आहेत. भारतात फ्रॉइड लवकर पोचला. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कोलकात्यात मनोविश्लेषणाची भारतीय संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी पत्रव्यवहार करताना ईडिपस गंडाबद्दलचे (लहान मुलाला आईची ओढ आणि वडिलांचा मत्सर वाटतो, या कल्पनेबद्दलचे) मतभेदही त्यांनी त्याला मोकळेपणाने कळवले. आपल्याकडे परकीय सिद्धान्त नुसते पाठ केले गेले असं म्हणणाऱ्यांनी बोस यांचं काम जरूर पाहावं.

थोरलं मूल जबाबदार आणि शेंडेफळ लाडावलेलं, हे शास्त्रीय आहे का?

कल्पना आल्फ्रेड ॲडलरची, पुरावा तिच्याविरुद्ध. २०१५ साली अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. बहिर्मुखता, भावनिक स्थैर्य, इतरांशी जुळवून घेणं, कर्तव्यदक्षता, यांपैकी कशावरही जन्मक्रमाची छाप सापडली नाही. मग घरोघरी ती दिसते कशी? थोरला कायम वयाने मोठाच असतो. दहा वर्षांचा दादा पाच वर्षांच्या धाकट्यापेक्षा समंजस असणारच. तो धाकटा दहाचा झाल्यावर कसा वागतो याच्याशी तुलना करायला हवी, आणि ती कुणी करत नाही.

एरिक्सनच्या आठ अवस्था पाठ आहेत. पण त्यांचा आमच्याशी काय संबंध?

तुम्ही विशीत असाल आणि पुण्यात शिकायला आला असाल, तर सगळ्यांत जवळचा.

एरिक एरिक्सनला (१९०२–१९९४) आपला जन्मदाता बाप कोण हे कधीच कळलं नाही. सावत्र वडिलांचं आडनाव सोडून 'एरिक्सन' हे आडनाव त्याने स्वतः घेतलं. 'मी कोण' हा प्रश्न त्याच्या सिद्धान्ताच्या मध्यभागी असण्याचं नवल वाटत नाही. १९५० साली त्याने जन्मापासून म्हातारपणापर्यंतच्या आठ अवस्था मांडल्या. फ्रॉइडपासून त्याचं अंतर दोन ठिकाणी स्पष्ट होतं: घडण बालपणात संपत नाही आणि समाज त्या घडणीत बरोबरीचा भागीदार असतो. गांधीजींवरच्या त्याच्या १९६९ च्या ग्रंथाला पुलित्झर पुरस्कार मिळाला. पुणेकरांना गांधीजी म्हटलं की येरवडा आणि आगाखान पॅलेस आठवतो. एरिक्सनने मात्र १९१८ चा अहमदाबादचा गिरणी कामगारांचा संप निवडला, कारण अठ्ठेचाळिशीतला माणूस पुढच्या पिढीची जबाबदारी कशी अंगावर घेतो हे त्याला पाहायचं होतं.

तरुणपणची अवस्था म्हणजे स्वतःची ओळख घडवणं. जेम्स मार्शियाने १९६६ मध्ये तिच्या चार स्थिती सांगितल्या. काही जण शोध घेऊन निर्णयाला येतात. काही जण शोधात असतात. काहींनी शोध न घेताच घरच्यांनी ठरवलेलं स्वीकारलेलं असतं, 'बाबा इंजिनिअर, म्हणून मी इंजिनिअर'. आणि काही जणांनी ना शोध घेतलेला असतो, ना निर्णय.

कॉट बेसिसवर राहून, मेसचा डबा खाऊन, सकाळी सातला अभ्यासिकेत जागा धरणाऱ्या मुलामुलींना यातली कोणती स्थिती लावायची? वर्गात बहुतेक जण 'शोधात आहेत' असं उत्तर देतात. मला ते घाईचं वाटतं. शोध घेणं म्हणजे निरनिराळ्या वाटा चालून पाहणं. एकाच परीक्षेच्या निकालाची वर्षानुवर्षं वाट पाहताना तो शोध थांबतो. कामाचा अनुभव नाही, छंद बंद, गावी जायचीही लाज. वय पुढे सरकतं आणि ओळख निकालाच्या यादीवर टांगलेली राहते. यात त्या मुलांचा दोष नाही, समाजाने त्यांच्यासमोर ठेवलेल्या वाटाच मोजक्या आहेत. पण अभ्यासाबरोबर एखादं दुसरं काम, एखादी दुसरी आवड जिवंत ठेवा, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

मी नोकरीला जाते, बाळ पाळणाघरात असतं. त्याचा स्वभाव बिघडेल का?

नुसत्या पाळणाघरामुळे नाही. हिंजवडीहून आठ वाजता घरी पोचणाऱ्या आया हा प्रश्न डोळ्यांत पाणी आणून विचारतात, म्हणून उत्तर आधी दिलं.

जॉन बोल्बीने सांगितलं की बाळाला एका भरवशाच्या माणसाची गरज अन्नाइतकीच मूलभूत असते. मेरी एन्सवर्थने आधी युगांडात आणि नंतर बाल्टिमोरमध्ये आया-बाळांचं निरीक्षण करून दाखवलं की बाळाचा त्या माणसाशी असलेला बंध सुरक्षित होतो तो बाळाच्या हाकेला वेळेवर आणि योग्य प्रतिसाद मिळाल्याने. अमेरिकेत १९९१ पासून तेराशेहून अधिक बाळांचा मोठा अभ्यास झाला. पाळणाघरात जाण्याने आपोआप बंध असुरक्षित होत नाही, असं त्यात आढळलं. आईचा प्रतिसादच तुटपुंजा असेल आणि त्यात सांभाळही निकृष्ट असेल, तेव्हा धोका वाढतो.

मानसशास्त्राने कित्येक दशकं सगळ्या गोष्टींचं खापर आईवर फोडलं. हे अन्यायाचं होतं आणि त्याची भीती अजून घराघरांत आहे. बाळं एकाहून अधिक माणसांना जीव लावतात: बाबा, आजी, आजोबा, मावशी, पाळणाघरातली ताई. पाळणाघर निवडताना एका ताईकडे किती मुलं आहेत, ताया सतत बदलतात का आणि बाळ रडलं की कुणी उचलून घेतं का, हे पाहा. भिंतीवरची चित्रं नंतर.

स्वभाव निम्मा रक्तातून येतो म्हणतात. म्हणजे माझ्यातलं ५० टक्के आई-बाबांचं?

नाही, आणि हा गैरसमज शिक्षकांतही आढळतो. मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्डने १९७९ पासून वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास केला. अशा अनेक अभ्यासांवरून असं निघतं की व्यक्तिमत्त्वातल्या फरकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के फरक आनुवंशिक फरकांशी जोडता येतात. हा आकडा माणसामाणसांतल्या फरकाचा आहे. एका माणसाची अशी वाटणी करता येत नाही.

एका वर्गातली सगळी मुलं अगदी एकसारख्या परिस्थितीत वाढवता आली असती, तर त्यांच्यातला उरलेला सगळा फरक आनुवंशिकच ठरला असता. जनुकं तीच, आकडा मात्र १०० टक्के. म्हणजे हा आकडा परिस्थितीवरही अवलंबून असतो.

याच अभ्यासांतला दुसरा निष्कर्ष जास्त धक्कादायक आहे. एकाच घरात वाढल्यामुळे भावंडं स्वभावाने फारशी सारखी होत नाहीत. यावर पालक विचारतात, 'मग आम्ही काय करतो त्याला अर्थच नाही?' आहे. तेच आई-बाबा दोन मुलांशी वेगळं वागतात आणि तेच वागणं दोन मुलांना वेगळं जाणवतं. मारझोड, उपेक्षा यांच्या जखमा खोल असतात. शिवाय मुलाशी तुमचं नातं, तुम्ही दिलेली भाषा, मूल्यं, सवयी, या गोष्टी स्वभावाचे पाच मोठे गुण मोजणाऱ्या चाचणीत (तिच्यामागच्या प्रतिमानाबद्दल पुढे) मोजल्या जात नाहीत.

आमचं मूल जन्मापासून चिडकं आहे. आमचं काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दांपत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये शंभरहून अधिक मुलांचा तान्हेपणापासून पाठपुरावा केला. सुमारे ४० टक्के मुलं सहज सांभाळता येणारी, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू खुलणारी आणि उरलेली कुठल्याच गटात नीट न बसणारी, असं त्यांना दिसलं. पुढे काय होतं हे केवळ या प्रकृतीवर ठरत नव्हतं. मुलाची प्रकृती आणि भोवतालच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर बरंच काही ठरत होतं.

मला पालकांसाठी सगळ्या सिद्धान्तांत हा सर्वांत उपयोगी वाटतो. हळूहळू खुलणाऱ्या मुलाला पाहुणे आल्या आल्या 'काकांना नमस्कार कर, ती कविता म्हणून दाखव' असा धोशा लावला की ते आईच्या पदराआड जातं, आणि मग 'फारच लाजाळू बाई' हा शिक्का त्याच्यादेखत बसतो. त्याच मुलाला पंधरा-वीस मिनिटं कोपऱ्यात बसून पाहू द्या. बहुतेक वेळा ते आपणहून काकांचा चष्मा मागायला येतं.

संगतीचा परिणाम किती?

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. अल्बर्ट बंडुराच्या १९६१ च्या प्रयोगाचं सार यात आलं आहे. मोठ्या माणसाला बाहुलीला मारताना पाहिलेल्या मुलांनी नंतर तसंच मारलं, त्यासाठी कुणी त्यांना बक्षीस दिलं नव्हतं. वागणं बक्षीस-शिक्षेतूनच घडतं असं मानणाऱ्या वर्तनवाद्यांना इथे धक्का बसला. त्यांच्यातल्या वॉटसनने तर एके काळी छाती ठोकून सांगितलं होतं की मला डझनभर निरोगी बाळं द्या, हव्या त्या बाळाला डॉक्टर, वकील किंवा चोर बनवून दाखवतो.

बंडुराचा पुढचा मुद्दा म्हणीच्या पलीकडे जातो: पवळ्याही ढवळ्याला बदलतो, आणि कुणाशेजारी उभं राहायचं हे माणूस काही अंशी स्वतः निवडतो. माणूस, त्याचं वागणं आणि परिस्थिती ही तिन्ही एकमेकांना घडवतात.

पंचघटक प्रतिमान सर्वांत शास्त्रीय मानतात. ते घडणीबद्दल काय सांगतं?

खरं तर कमीच. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी इंग्रजी कोशातून माणसाचं वर्णन करणारे सुमारे १८ हजार शब्द काढले. पुढच्या अनेकांच्या कामातून त्यांचे पाच मोठे गट हाती आले: अनुभवांबाबत खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्यशीलता आणि चिंताप्रवणता. मोजमापासाठी हे प्रतिमान उत्तम आहे. पण 'ती कामं वेळेवर करते कारण ती कर्तव्यदक्ष आहे' हे वाक्य कारण सांगत नाही, वर्णनच पुन्हा सांगतं. उत्तरपत्रिकेत ही मर्यादा नक्की लिहा.

सत्त्व, रज, तम हा व्यक्तिमत्त्वाचा सिद्धान्त म्हणता येईल का?

विचार म्हणून नक्कीच. गीतेच्या चौदाव्या अध्यायात तिन्ही गुण प्रत्येकात असतात आणि त्यांचं पारडं वर-खाली होतं, असं म्हटलं आहे. म्हणजे माणसांचे तीन कायमचे साचे त्यात नाहीत, हे लक्षात घ्यायला हवं. भारतीय मानसशास्त्रज्ञांनी त्यावर प्रश्नावल्याही तयार केल्या. मात्र गीतेचा प्रश्न 'या गुणांच्या पलीकडे कसं जावं' हा आहे. तिला पंचघटकांशी स्पर्धा करायला लावणं दोघांवरही अन्याय करणारं आहे.

बोटांच्या ठशांवरून मुलाचा स्वभाव आणि करिअर सांगतात. करून घेऊ का?

नको. ठशांवरून स्वभाव किंवा बुद्धी कळते याला शास्त्रीय आधार नाही. अहवाल वाचून 'अगदी आमचाच बाळ्या' असं वाटतं, त्याचं कारण बर्ट्रम फोररने १९४९ सालीच दाखवलं. त्याने सगळ्या विद्यार्थ्यांना एकच मोघम वर्णन 'तुमचा वैयक्तिक अहवाल' म्हणून दिलं. त्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. माणसांना सोळा साच्यांत बसवणाऱ्या लोकप्रिय चाचणीतही काही आठवड्यांनी पुन्हा उत्तरं दिली की अनेकांचा साचा बदलतो. त्यावरून मुलाची शाखा ठरवू नका.

स्वभावाला औषध नाही, हे खरं ना?

पूर्णपणे नाही. २००६ साली ९२ दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले गेले. माणसं साधारणपणे वीस ते चाळीस या वयात अधिक कर्तव्यदक्ष आणि भावनिकदृष्ट्या अधिक स्थिर होत जातात, असं त्यात दिसलं. २०१७ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यासांच्या आढाव्यात मानसोपचारांनंतरही गुणविशेष बदलल्याचं आढळलं, आणि सर्वाधिक बदल भावनिक स्थैर्यात होता. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीतून घरोघरी नेली. 'मी असाच आहे' या वाक्याला प्रश्न विचारायला तिने कित्येकांना शिकवलं. तरी अंतर्मुख माणूस सहसा पार्टीचा राजा होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. बदल होतो तो थोडा, सावकाश आणि सरावाने.

हे वाचून मुलाबद्दल किंवा स्वतःबद्दल काळजी वाटली तर?

सिद्धान्त वाचून निदान करू नका. झोप, भूक, अभ्यास, नाती यांवर दोन-तीन आठवडे परिणाम दिसत असेल तर प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. समुपदेशकाला त्याचं शिक्षण विचारण्यात संकोच नको. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं.